चाळीस सह्यांचं निवेदन

"बाईनु, आता तुमी काय एक भियां नकात. निवेदन दिला आमी."

सकाळचे साडेसहा वाजले होते. डॉक्टर योगिनी एका हाताने कुडत्याला इस्त्री करत होती आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला धरला होता. साडेदहाला परवान्याच्या कचेरीत मुलाखत. रात्रभर धड डोळा लागलेला नाही, आणि त्यात हा जयराम.

"कसलं निवेदन, जयरामभाऊ?"

"तुमच्या लायसनचा! चाळीस जणांच्यो सयो आसत. नाव, गाव, सिव्हिल आयडीचो नंबर, सगळा येवस्थित. टायपिंगवाल्याकडे जाऊन अरबीत करून घेतला. सुरवातीकच लिवला हा, ह्या डॉक्टरबाई गेली तीन वर्सा आपल्या घरात आमका तपासतत, औषधा देतत, जखमा बांधतत. असो डॉक्टर मिळाचो नाय, म्हणान तेंचा लायसन चालू ठेवूचा."

इस्त्री उभी करून ठेवायचं भान तिला राहिलं, एवढंच. पुढचे काही क्षण तिला काही ऐकूच आलं नाही. 

"जयरामभाऊ," ती कशीबशी म्हणाली, "कुणाकडं दिलं तुम्ही हे?"

"आमच्या ग्यारेजच्या मंदूबाकडे, मुकेसभाईकडे. तो रोज सरकारी कचेऱ्यांनी फिरता. काल सकाळीच घेऊन गेलो." जयरामच्या आवाजात नुसता आनंद होता. "तुमीच म्हणाल्यात ना, कागद होयो म्हणान?"

म्हणाली होती. हो, तीच म्हणाली होती! आता दोष द्यायचा कुणाला?

झालं होतं ते असं. योगिनी मूळची परभणीची. कुवेतला आल्यावर तिने एका छोट्या खाजगी दवाखान्यात नऊ वर्षं इमानाने पेशंट तपासले. तीन वर्षांपूर्वी मालकाने दवाखाना विकला, घेणाऱ्याने तिथे चष्म्यांचं दुकान थाटलं, आणि बाई घरी बसली. इथला परवाना दवाखान्याच्या नावाला बांधलेला. दवाखाना गेला की डॉक्टर नुसती नवऱ्याच्या व्हिशावरची बायको. स्वयंपाक करा, टीव्ही बघा, पण कुणाची नाडी धरायची नाही. धरली तर गुन्हा. परवाना कायमचा जाणार, आणि नशीब फारच फिरलं तर विमानाचं एकेरी तिकीट.

आता जाब्रियातल्या एका दवाखान्याने तिला घ्यायची तयारी दाखवली होती. परवाना चालू असला तर. आणि परवान्याचं नूतनीकरण नेमकं नव्या अटीवर अडलं होतं: गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष रुग्ण तपासल्याचा पुरावा द्या. योगिनीकडे पुरावा होता तो मोजून तीन महिन्यांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीला जाऊन वर्गमैत्रीण प्रभाच्या हॉस्पिटलात बसायची, त्याचं पत्र. तेवढ्याने भागत नव्हतं. म्हणून समितीपुढे मुलाखत. शिवाय अर्जाच्या शेवटच्या पानावर तिने सही करून लिहून दिलं होतं, की या काळात मी कुवेतमध्ये परवान्याबाहेर एकही रुग्ण तपासलेला नाही.

आणि तपासले किती होते? अब्बासियातल्या तिच्या पाच मजली इमारतीतलं एक माणूस सुटलं नव्हतं! तिच्या जेवणाच्या टेबलावर निम्म्या इमारतीने दंड पुढे करून ब्लडप्रेशर मोजून घेतलं होतं. सुरुवात केली जयरामने. तो राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये वेल्डर, कणकवलीकडचा, खालच्या मजल्यावर सात जणांत राहणारा. तापलेल्या पत्र्याने पाय भाजला, त्यात साखर वाढलेली, जखम चिघळून काळी पडायला लागली. सरकारी दवाखान्यात जाईना. का, तर त्याचा व्हिसा कुठल्याशा अरबाच्या घरी स्वयंपाक करण्याचा. स्वयंपाक्याच्या पायावर वेल्डिंगचा डाग कुठून आला, असं कुणी विचारलं तर? योगिनीने अडीच महिने रोज संध्याकाळी तो पाय धुतला, कापला, बांधला. पाय वाचला. मग काय, गावभर डंका! इमारतीतले सगळे बॅचलर, म्हणजे बायकापोरं गावी ठेवून आलेले, एकेक करून यायला लागले. नाही म्हणायला तिची जीभ वळेना, आणि खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंही नव्हतं. त्या टेबलाशी बसलं की ती पुन्हा डॉक्टर व्हायची. लोक येताना सोलं आणत, सुके बांगडे आणत. जयरामने तर तुळशीला लोखंडी स्टँड करून दिला होता, असा दणकट की वर माणूस उभा राहील.

पंधरा दिवसांपूर्वी त्याची साखर तपासताना ती सहज बोलून गेली, "काय सांगू जयरामभाऊ, रोज पेशंट बघायले, पण बघायले याचा कागद नाही माझ्याकडं. कागद पाहिजे त्यांना."

जयराम गेला तो गप्प गप्प गेला. आणि करायला गेला गणपती, झाला मारुती.

"गावाक आमच्या डॉक्टराची बदली झाली तेव्हा असाच निवेदन दिलेला," तो फोनवर अजून सांगतच होता. "आठ दिसात बदली रद्द! चाळीस सयो म्हटल्यार खयचो सायब ऐकाचो नाय?"

योगिनीने फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. 

नवरा दिनकर दाढी करून बाहेर आला. तो जाब्रियातच एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. सावध माणूस, सिग्नल हिरवा झाला तरी दोन्हीकडे बघून गाडी काढणारा. बायकोचं टेबलावरचं हॉस्पिटल त्याला कधीच पसंत नव्हतं. तिने सगळं सांगितलं तसा तो गालावरचा टॉवेल तसाच धरून उभा राहिला.

"मी म्हणलं होतं की नाही?" तो हळूच म्हणाला. "म्हणलं होतं का नाही, एक दिवस अंगलट येईल म्हणून?"

"म्हणलं होतं. आता पुढचं बोला."

"पुढचं काय? आधी त्या मंदूबला फोन लाव. कागद त्याच्याकडंच असला तर देव पावला. आणि पोचला असला तर…" त्याने आवाज आणखी खाली आणला. "तर ओळखत नाही म्हणायचं. सरळ. कोण लोक आहेत, मला काय माहीत?"

"चाळीस माणसं, अहो! रोज जिन्यात दिसतात."

"समितीला कुठं दिसतात?"

अकरावीतली उर्वी कानातला इअरफोन काढून म्हणाली, "आई, जस्ट टेल देम द ट्रुथ ना. यू हेल्प्ड पीपल. हाऊ इज दॅट बॅड?"

"तू दूध पी," दोघंही एकदम म्हणाले.

जयरामकडून नंबर मिळाला, पण मुकेशभाई फोन उचलेना. योगिनीने गाडीत बसल्यापासून सात वेळा लावला. कुवेतमधले मंदूब सकाळी फोन उचलत नाहीत. त्यांचे दोन्ही हात कागदांनी भरलेले असतात. दिनकर गाडी चालवत होता. बाहेर धूळ उठली होती, पुढच्या गाड्यांचे नुसते लाल दिवे दिसत होते. योगिनीच्या मनात एकच घोकंपट्टी: कागद त्याच्या पिशवीत असू दे. विसरला असू दे. गॅरेजमध्ये राहिला असू दे. कुणाचं काम होऊ नये म्हणून देवाला साकडं घालण्याची तिची ही पहिलीच वेळ.

चौथ्या रिंगरोडवर फोन वाजला. मुकेशभाईचा व्हॉट्सअॅप. वर अंगठा, खाली फोटो. फोटोत निवेदनाचं पहिलं पान, आणि कोपऱ्यात गोल निळा शिक्का. कालच्या तारखेचा. पोचपावती.

खाली मुकेशभाईने लिहिलं होतं: 'मॅडम, काम हो गया. सीधा कमिटी के सेक्रेटरी को दिया.'

"थांबवा गाडी," ती म्हणाली.

"इथं कुठं थांबवू?"

"मला ओकारी व्हायली."

झाली नाही. पोटात काही असतं तर झाली असती.

कचेरीत नंबर मिळाला, खुर्ची मिळाली. आजूबाजूला बसलेले सगळे डॉक्टर, पण चेहरे दवाखान्यात निकाल घ्यायला आलेल्यांसारखे. योगिनी जीव मुठीत धरून बसली होती. चाळीस माणसं, चाळीस सिव्हिल आयडी नंबर. जणू काही तिच्याविरुद्धची फिर्याद तिच्याच पेशंटांनी प्रेमाने, अरबीत टाइप करून दिली होती. एकदा वाटलं, उठावं आणि चालू लागावं. मुलाखतच दिली नाही तर? पण मग परवाना आपोआप मेला. पुन्हा सगळ्या परीक्षा, सत्तेचाळिसाव्या वर्षी. आणि पास झाली तरी तीन वर्षांची खाच भरायची कशाने?

नाव पुकारलं गेलं तेव्हा ती आधी भलत्याच दाराकडे गेली.

आत तिघं. मधोमध पांढऱ्या दिशदाशातले, पायघोळ अरबी झग्यातले वयस्क अध्यक्ष, एका बाजूला टंकलेखन करणारा सेक्रेटरी, आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर असमा. पन्नाशीच्या, डोक्यावर राखाडी हिजाब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्यापुढे योगिनीची फाइल. योगिनीची नजर फाइलवर, फाइलमधून निळा शिक्का कुठे डोकावतोय का, यावर.

इंग्रजीत प्रश्न सुरू झाले. शिक्षण, नऊ वर्षांचा अनुभव, प्रभाचं पत्र. मग असमा म्हणाल्या, "समजा, पन्नाशीचा कामगार. मधुमेह आहे. पाय भाजून पंधरा दिवस झालेत, काळा पडतोय. हॉस्पिटलात भरती व्हायला तयार नाही. काय कराल?"

योगिनी बोलायला लागली आणि बोलतच राहिली. कडा कशा तपासायच्या, हाडापर्यंत गेलंय का ते कसं बघायचं, मेलेलं मांस किती काढायचं आणि कुठे हात थांबवायचा, साखर किती दिवसांत खाली आणायची, आणि मुख्य म्हणजे माणसाला सपाता घालून कामावर जाण्यापासून रोखायचं कसं. "त्याला नुसतं बूट घाल म्हणून भागत नाही. माझ्या एका—"

ती थांबली. जीभ दातांखाली धरली.

"एका?" असमांनी विचारलं.

"माझ्या एका मैत्रिणीच्या हॉस्पिटलात, परभणीला, असा पेशंट होता."

"उत्तम." असमांनी काहीतरी लिहिलं. "तीन वर्षं घरी बसलेल्या बाईचं उत्तर वाटत नाही हे."

एरवी ही दाद ऐकून योगिनी हरखून गेली असती. आता तिच्या अंगाचं पाणी पाणी झालं. 

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. फाइल मिटत आली. योगिनीला वाटलं, सुटले! कागद दुसऱ्याच कुठल्या ढिगात गेला असणार, सरकारी कचेरी आहे शेवटी. आणि नेमकं तेव्हाच असमांनी फाइलच्या तळातून दोन पानं काढली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

"हे काल आलंय. चाळीस माणसं म्हणतात, तुम्ही त्यांना तीन वर्षं घरी तपासताय. ही माणसं तुमच्या ओळखीची आहेत?"

वर अरबी मजकूर. खाली सह्या, बहुतेक मराठीतल्या. पहिली जयरामची, नावाखाली रेघ ओढलेली. योगिनीला सह्या वाचाव्या लागल्याच नाहीत. चौथी सही म्हणजे वरचं ब्लडप्रेशर एकशेसाठच्या खाली न येणारा. नववी, रात्रपाळीनंतर छातीत दुखतं म्हणून येणारा आणि बायकोच्या आठवणीने रडणारा. बारावी सुशांत पेंटरची, त्याचा दमा. सतरावा कान. तेविसावा मूतखडा. एकाने सही येत नाही म्हणून अंगठा उठवला होता आणि शेजारी कुणीतरी त्याचं नाव लिहिलं होतं. त्या अंगठ्यालाही तिने टाके घातले होते. सगळे ओळीने उभे होते, तिच्या बाजूने बोलायला.

"नाही," योगिनी म्हणाली.

"एकही नाही?"

"एकही नाही."

 अध्यक्ष असमांकडे झुकून अरबीत काही बोलले. नऊ वर्षांत तिला कामापुरती अरबी कळायला लागली होती. ते विचारत होते, हे तपासणीवाल्यांकडे पाठवायचं का. असमांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. योगिनीला तो वेळ संपता संपेना.

"कशासाठी?" असमा म्हणाल्या. "त्या ओळखतच नाहीत म्हणतायत. ओळखत असत्या, तर एकेकाला बोलवून जबाब घ्यावा लागला असता." मग योगिनीकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "तसं लिहून द्या. इथंच, सह्यांच्या खाली."

योगिनीने पेन घेतलं. चाळिसाव्या सहीखाली दोन बोटं जागा उरली होती. तिथे तिने लिहिलं, की वरील व्यक्तींपैकी कुणालाही मी ओळखत नाही, कुणालाही मी कधी तपासलेलं नाही. खाली सही केली, तारीख घातली. हात थरथरेल असं तिला वाटलं होतं. नाही थरथरला मेला. प्रिस्क्रिप्शन लिहावं तसं सरळ, गोलाकार अक्षर आलं.

निकाल तिथल्या तिथे सांगितला. जाब्रियाच्या दवाखान्यात तीन महिने वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम, मग पूर्ण परवाना. ती उठली, आभार मानले. असमा फाइल बांधता बांधता, मान वर न करता म्हणाल्या, "यापुढे फक्त दवाखान्यात, डॉक्टर."

लिफ्टमध्ये ती एकटीच होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एकेकाला बोलावलं असतं तर काय झालं असतं. चाळिसातल्या निम्म्यांचे व्हिसे भलतेच. कुणी कागदोपत्री माळी, कुणी ड्रायव्हर, आणि सगळे राईच्या गॅरेजांत घाम गाळणारे. जबाबाला गेले असते ते सरळ विमानतळावरच निघाले असते. म्हणजे नाही म्हटलं ते बरंच झालं. त्यांच्याही भल्याचंच झालं. असं म्हणून मनाची समजूत घालता आली असती, आणि दिनकरला तिने पुढे तसंच सांगितलं. पण स्वतःशी कसं खोटं बोलणार? ती नाही म्हणाली तेव्हा तिच्या मनात ते चाळीस जण नव्हतेच. तेव्हा ती फक्त स्वतःसाठी घाबरली होती. त्यांचा विचार आला तो लिफ्टमध्ये.

संध्याकाळी जयराम आला. कामावरून अंघोळ करून, केस विंचरून, शर्ट बदलून. दिनकरने दार उघडलं, आधी जिन्यात वरखाली बघितलं, मगच त्याला आत घेतलं. जयराम त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर बसला.

"झाला काम?"

"झालं. तीन महिन्यांनी पूर्ण परवाना मिळतो म्हणाले."

"बगा! मी सांगलंय नाय?" त्याने मांडीवर थाप मारली. "निवेदन वाचल्यानी ना?"

"वाचलं."

"सगळ्या सायबांसमोर?"

"हो. सगळ्यांसमोर." योगिनीने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. इथे थांबता आलं असतं. तो खूश होऊन गेला असता, कुणाला काही कळलं नसतं. पण सकाळपासून गिळलेलं तिला आणखी गिळवेना. "त्यांनी विचारलं, ही माणसं ओळखीची आहेत का म्हणून."

"मगे? काय सांगलात?"

"नाही म्हणलं."

जयरामला आधी कळलंच नाही. तो हसतच होता.

"ओळखत नाही म्हणलं, जयरामभाऊ. परवान्याशिवाय तपासणं हा गुन्हा आहे इथं. तुम्ही भल्यासाठी केलं, पण त्या कागदानं माझा परवाना गेला असता. मी घाबरले. तुमच्या सह्यांच्या खाली तसं लिहून दिलं."

"एकाकव नाय?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"माका पन?"

"तुम्हाला पण." आणि तिला रडू आलं. दिनकर उगाचच स्वयंपाकघरात गेला.

 जयरामने पेला उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्याला.

"बरा केलात," तो म्हणाला.

"काय बरं केलं हो?"

"बराच केलात, बाईनु. रडा नकात. चेकिंगवाले येतत तेव्हा मी काय करतंय? ग्यारेजच्या मागच्या दारान भायर पडतंय. कोणी धरून इचारला, हंय काम करतस? मी सांगतंय, नाय. मालकाक ओळखतस? नाय. ज्या मालकान माझ्या चेडवाच्या लग्नाक रजा दिल्यान, तेका अकरा वर्सा ओळखणंय नाय म्हणान सांगतंय. तेकाव ठावक आसा. तो काय रागावता?" तो उठला. "चूक माझी. गावची रीत हंय चलणा नाय, ह्या माज्या टकल्यात इला नाय."

"तुमची चूक नाही. मीच बोलले तुमच्यापाशी."

"आता असा करूचा," जयराम दारात उभा राहून म्हणाला. वेल्डिंगचं काम समजावतो तशा आवाजात. "मी सगळ्यांका सांगतंय. काय सांगूचा ता माजा मी बगतंय. तुमी फक्त तुमचा लायसन सांभाळा."

तो गेला. दिनकरने दाराला आतून कडी आणि साखळी दोन्ही लावली.

त्यानंतरचा आठवडा योगिनीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. बेल वाजली की ती आधी दाराच्या भिंगातून बघायची. एकदा इमारतीखाली पोलिसांची गाडी उभी राहिली, तर तिने ब्लडप्रेशरचं यंत्र उर्वीच्या कपाटात, दप्तराच्या मागे दडवलं. गाडी पार्किंगच्या भांडणासाठी आली होती. पेशंट मात्र कुणी आलं नाही. पहिल्या दिवशी तिला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, रागावले असतील. चौथ्या दिवशी सुशांत पेंटर खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, तिच्या शेजारीच कोथिंबीर निवडत होता आणि त्याची छाती बासरीसारखी वाजत होती. तिच्या कानाला ती शिट्टी बरोबर कळली. पंप संपला असणार. ती तोंड उघडणार, तोच तो कोथिंबीर टाकून बाहेर निघून गेला. रागावलेत, तिची खात्रीच झाली. रागावणार नाहीत तर काय! तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तीही रागावली असती.

रविवारी तिचा जाब्रियातला पहिला दिवस. दिनकरची सकाळची पाळी लवकरची, म्हणून ती टॅक्सीसाठी एकटीच खाली उतरली. हातावर नवाकोरा पांढरा कोट, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला. खाली फुटपाथवर कंपनीच्या बसची वाट बघत वीसेक जण उभे होते, डबे हातात घेऊन. सगळे इमारतीतलेच. सगळे निवेदनातलेच. एरवी ती उतरली की 'नमस्कार डॉक्टरबाई'चा नुसता गजर व्हायचा, कुणी जीभ दाखवायचा, कुणी मनगट पुढे करायचा.

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आली आणि गप्पा थांबल्या.

एकाने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्याने मोबाइल काढला. ब्लडप्रेशरवाला वाकून बुटाची नाडी बांधायला लागला, आणि त्याच्या बुटाला नाडी नव्हती. अंगठ्यावर टाके घातलेला कडेला उभा होता. त्याने हात पाठीमागे नेले. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. फक्त सगळे जपून, काळजीपूर्वक, तिला ओळखत नव्हते. योगिनीच्या लक्षात आलं तेव्हा तिला वाटलं, राग असता तर बरं होतं. राग सोसता आला असता.

तिच्यासमोरच सुशांत उभा होता. सवयीने त्याचा हात नमस्काराला वर गेला. शेजारच्या जयरामने तो मनगटाशी धरला आणि सावकाश खाली आणला, आणि बस यायची नसते त्या बाजूला, रस्त्याकडे बघत राहिला.

टॅक्सी आली. योगिनी कोट मांडीवर घेऊन बसली. "जाब्रिया," ती ड्रायव्हरला म्हणाली. टॅक्सी सुटली तरी त्यांच्यापैकी कुणी मान वळवली नाही.